समोरची खोली रिकामी

माणूस मोठा सभ्य. आवाज कधी चढायचा नाही, पाय पुसल्याशिवाय कुणाच्या घरात शिरायचा नाही. तरी तो इमारतीत आला की बायका पोरांना दटावून गप्प करायच्या. सरकारी घरांसाठी थांबलेल्यांची यादी घेऊन, त्यातलं कोण दिल्या पत्त्यावर खरंच राहतं ते बघणारा तो तपासनीस. लोक त्याला खोडरबर म्हणत. तो येऊन गेला की कुणाचं ना कुणाचं नाव उडालेलंच असायचं.

तळघरात दोनच खोल्या, समोरासमोर. एकीत इस्त्रीवाली आणि तिचा नवरा. भिंतींना अशी ओल की इस्त्री करून ठेवलेले कपडे सकाळी पुन्हा सादळलेले. त्या ओलीने नवऱ्याची छाती पार पोखरली होती. डॉक्टर म्हणाला, "औषधं कसली देऊ? आधी खोली बदला." बदला म्हणे! भाडं काय डॉक्टर भरणार होता? सरकारी घर मिळालं तरच आपला माणूस वाचेल, हे तिला पुरतं कळलं होतं.

समोर इस्पितळातली आया राहायची, एकटीच. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची. इस्त्रीवालीच्या नवऱ्याला रात्री-अपरात्री दम लागला की हातातलं काम टाकून आयाच धावायची, पाठ चोळायची, वाफ द्यायची. तिचंही नाव यादीत होतं, आणि नेमकं इस्त्रीवालीच्या वर.

एका दुपारी खोडरबर खाली उतरला. आयाच्या दाराला कुलूप. तो इस्त्रीवालीकडे वळला.

"बाई, इथे राहतं का कोणी?"

"राहते की," एवढंच तर म्हणायचं होतं. जीभ झिजणार होती का? पण आत नवऱ्याला खोकल्याची उबळ आली, थांबता थांबेना, आणि हिच्या तोंडून निघालं, "कुलूपच तर असतं नेहमी. खोली रिकामीच म्हणायची."

"इथे सही करा."

केली! नंतर इस्त्री तशीच टेकवून ठेवली आणि गिऱ्हाइकाचा सदरा जळाला. जळायलाच हवा होता.

आपलं नाव गेलं हे आयाला कळलं तेव्हा ती रडायलाही इस्त्रीवालीकडेच आली. "ताई, माझ्या वाईटावर कोण हो असेल?" इस्त्रीवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग हिची पाळी आली. खोडरबर सकाळीच हजर झाला.

"तुम्ही इथे राहता याला साक्ष लागेल. याच मजल्यावरच्या शेजाऱ्याची."

"अहो साहेब, मी तुमच्यापुढे उभी आहे! आणि अंथरुणात कोण पडलंय?"

"आज आहात. तपासणीपुरते येऊन राहणारेही असतात."

नशिबाने आयाला सुट्टी होती. इस्त्रीवालीने तिचं दार वाजवलं. आया ओले हात पुसत बाहेर आली आणि गोष्ट कानावर पडताच म्हणाली, "राहतात म्हणजे काय! मी इथे आले त्याच्या आधीपासून राहतात. साहेब, माझं गेलं ते गेलं, या ताईंचं तरी होऊ द्या."

इस्त्रीवालीला लाजेने मान वर करवेना, पण जीव भांड्यात पडला होता.

खोडरबरने कागद चाळले. "यांची साक्ष चालायची नाही."

"का नाही?"

"समोरच्या खोलीत कोणी राहत नाही," तो त्याच मवाळ आवाजात म्हणाला. "आमच्याकडे तशी नोंद आहे."

"पण ही काय उभी आहे ना!"

"उभ्या तर तुम्हीही आहात." त्याने कागद दोघींना दिसेल असा धरला. "ही सही तुमचीच ना, बाई?"

आया आधी कागदाकडे बघत राहिली, मग इस्त्रीवालीकडे. चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं. ती आत गेली आणि तिने कडी लावली.

"या मजल्यावर आणखी कोणी शेजारी?" खोडरबरने पेनाचं टोपण काढत विचारलं.

"नाही," इस्त्रीवाली म्हणाली.

तो जिना चढून गेला. आत नवऱ्याला उबळ आली, श्वास घुसमटायला लागला. सवयीने तिने समोरच्या दाराकडे पाहिलं. ते उघडलं नाही.