मोटार बंद, तरी आवाज चालूच

मंडळी, आज सकाळी चहा घेताना घराच्या मागून घूंऽऽ असा आवाज आला. डाळ मिलच्या मशिनी दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. म्हटलं, पाण्याच्या मोटारीचं बेअरिंग गेलं! पान्हा घेऊन पळालो, तर मोटार बंदच.

आवाज कडुनिंबाच्या सावलीतल्या कोरांटीतून येत होता. तीन वर्षं नुसते काटे देणारं झुडूप पिवळ्या फुलांनी भरलेलं, अन् त्यावर मधमाश्या.

दिवाळीपर्यंत फुललं नाही म्हणून नंतर तिकडं पाहिलंच नव्हतं; आज ते उपटून तिथं फरशी बसवायची होती. बायकोला हाक मारली. ती आली अन् फुलं बघून म्हणाली,

"अहो, मिस्त्रीला सांगा, येऊ नको म्हणावं. अन् तो पान्हा ठेवून देवाला चार फुलं काढा."

लई हायसं वाटलं! तुमच्याकडं सावलीत काय उशिरा फुलतं हो?