पारिसाअण्णांचा गज

साखर कारखान्यातल्या वीजनिर्मितीच्या टर्बाइनवर पारिसाअण्णांनी तीस वर्षं काढली. लोखंडी गजाचं एक टोक बेअरिंगवर आणि दुसरं कानाला लावून ते यंत्राची तब्येत ओळखत. नवी संगणकयंत्रणा आल्यावर एकदा गजातून खरखर ऐकू आली, पण पडद्यावर सगळं हिरवं होतं. अण्णा गप्प बसले. तासाभरात पातं तुटून उडालं आणि जोडीदार भरमा जागीच गेला.

आता निपाणीच्या घरात बायकोनं, राजमतीनं, मिक्सर लावला की अण्णा गज घेऊन येतात.

"चटणीची तब्येत बघताय व्हय?"

"थांब गं. खरखरतंय."

"खोबरं हाय त्यात."

"व्हय," म्हणत ते बटण बंद करतात आणि बंद मिक्सरलाही बराच वेळ गज लावून ऐकत राहतात. उरलेली चटणी राजमती पाट्यावर वाटते.