हिमनदीने टाकलेला दगड

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी टेकडीचा पायथा सुटला. मोठा आवाज झाला नाही. पोत्यातून ज्वारी ओतावी तशी सरसर झाली आणि माझा नवरा कमरेपर्यंत गाडला गेला. त्याच्यामागे माझा दीर भिका होता, तो दिसेनासाच झाला. मी वीस पावलांवर रस्त्याच्या कडेला होते. हवालदार बलबीर ओरडला, "सब पीछे! अक्का, हिलना मत!" आणि स्वतः मात्र पुढे धावला. त्याच्यामागे सिपाही रतन फावडं घेऊन गेला.

माझ्या शेजारी वायरलेसवर थॉमस होता.

"डेल्टा टू. स्लाइड. दो आदमी नीचे. ओव्हर."

"बारिश है क्या? ओव्हर."

"नहीं. धूप है. ओव्हर."

ऊन होतं, म्हणूनच टेकडी सुटली. हे मला नंतर कळलं.

मी फौजी नाही. चौथीपर्यंत शिकले. आम्ही शिंदखेड्याकडचे दगडफोडे. मुकादमाने आम्हाला लडाखमध्ये फौजेच्या रस्त्यावर नेलं. तीन हंगाम फौजेच्याच हजेरीवर होतो. सहाला रांगेत फॉल-इन, सातला काम, पाचला अवजारं मोजून परत. चहासुद्धा शिट्टी वाजल्यावर.

आपल्या सातपुड्यातल्या दऱ्या पाण्याने कापलेल्या, नांगराच्या तासासारख्या खाली निमुळत्या. लडाखची ती दरी गव्हाणीसारखी होती. तळ सपाट, दोन्ही बाजू उभ्या. कॅप्टनसाहेबांनी एका रविवारी जमिनीवर काठीने रेघा मारून सांगितलं की हजारो वर्षांपूर्वी इथे बर्फाची नदी होती. ती घासत घासत सरकली. कडेच्या खडकांवर तिचे ओरखडे होते, सगळे एकाच दिशेचे. बर्फ मागे हटला तेव्हा बरोबर आणलेला माल तिथेच टाकून गेला. त्याच्या टेकड्या झाल्या. साहेब त्यांना मोरेन म्हणत. घराएवढा धोंडा, गोटे आणि पिठासारखी माती, सगळं एकात एक. पाणी माल निवडून टाकतं, वाळू इथे, गोटे तिथे. बर्फ निवडत नाही.

रस्त्याची आधारभिंत बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत उभी करायची होती. हुकूम होता की दगड कडेच्या अखंड खडकातूनच काढायचा. खडक कठीण. दिवसभरात भिंत हातभरच पुढे जाई. मोरेनच्या पायथ्याशी मात्र तयार दगड पडलेला. मी त्यावर घण मारून पाहिला. खणखणीत वाजला.

मी हवालदाराला म्हटलं, "साहेब, घर में आटा है, और तुम चक्की पीसता है."

तो हसला. "अक्का, मोरेन को हाथ लगाने का ऑर्डर नहीं है."

"डर लगता है तो बोलो. हम औरतलोग निकालता है."

तो भिंतीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सिर्फ नीचे से. ऊपर कोई नहीं चढ़ेगा."

सात दिवस आम्ही खालून दगड काढला. सकाळी गारठ्याने बोटांत दांडा धरवत नसे, म्हणून दुपारी काढायचो. आमच्या खानदेशात दरड पडते ती पावसात. उन्हात माती आवळते. उन्हाला भ्यायचं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

आठव्या दिवशी दीड वाजता मला पायथ्याला ओल दिसली. गढूळ पाणी झिरपत होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, "आयका का, पानी निंघी ऱ्हायनं."

"कथाईन निंघी? एक ढग तरी शे का? तूच दगड दाखाडा, आते तूच भ्यायनी!"

भिका हसला. "वहिनी, थंडीमा तुमनं डोकंबी गोठी गयं."

हवालदार पन्नास पावलांवर होता. त्याला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. दगड मीच दाखवला होता, आता माघार कशी घ्यायची?

दोन वाजून दहाला पहिला ढीग आला. हवालदार आणि रतन नवऱ्याच्या भोवतीची माती उपसत होते. मी धावले, तर थॉमसने माझा दंड धरला. दोन वाजून वीसला वरचा भाग आला. मग काहीच दिसलं नाही, धूळ तेवढी दिसली.

तीन वाजता कॅप्टनसाहेब आले. सुटलेल्या कड्यात बर्फ दिसत होता, काळपट, मातीने मळलेला. मोरेनच्या पोटात तो जुना बर्फ तसाच होता. वर दगडमातीचं पांघरूण होतं, म्हणून टिकला. ते पांघरूण आम्ही काढलं. ऊन आत गेलं.

चौकशी बसली. मी म्हटलं, दगड मी दाखवला. सुभेदार म्हणाले, "अक्का, ये मत बोलो. परमिशन बलबीर ने दी थी. मरे हुए का नाम खराब होगा." कागदावर नैसर्गिक आपत्ती असं लिहिलं. मी सही केली.

आता पिंप्राळ्यात लेकीकडे असते. बलबीरने परवानगी दिली ती माझ्या टोमण्यामुळे. दोष माझा आहे, आणि तो कुठल्याच कागदावर नाही.

रस्त्याच्या कडेला पाटी लावली आहे. तिच्यावर दोन नावं आहेत. मजुरांची नावं पाटीवर घालत नाहीत, म्हणून इथे चारही लिहिते. हवालदार बलबीर, सिपाही रतन, माझा नवरा सुपडू, दीर भिका.

त्या दुपारी तिथे आम्ही सहा जण होतो. थॉमस आणि मी जगलो.