पत्ता लग्नासाठी दिला होता

न विचारता आलेल्या जाहिरातीच्या मेलला मनापासून, खुशाली विचारून उत्तर देणारं साऱ्या जगात एकच माणूस असेल, तर ते कोल्हापुरात राहतं. हे मी उगाच वाढवून सांगत नाही. कॉलेजची तिन्ही वर्षं मी त्या माणसाच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहिले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. त्यामुळे गडहिंग्लजजवळच्या आमच्या खेड्यातून पेटी घेऊन आले, तेव्हा शहरातली माणसं कशी असतात याचा मला काहीच अंदाज नव्हता. पहिलंच माणूस हे भेटलं. शहरातली सगळी माणसं अशीच असतात, असं मला बरेच दिवस वाटत राहिलं.

त्या माझ्या घरमालकीण. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. त्यांचं माहेर कर्नाटकच्या हद्दीला लागून, त्यामुळे रागाचं पहिलं वाक्य मराठीत असलं तरी दुसरं हमखास कानडीत उतरायचं. व्यवसाय चटणीचा. आमच्याकडे वर्षभर पुरवून खायच्या लाल मसाल्याला चटणीच म्हणतात, आणि कांदा-लसणाशिवाय तिला कुणी चटणी मानत नाही. अक्का मात्र जैन. त्यांच्या घरात कांदा-लसणाला पूर्ण बंदी. तेव्हा कोल्हापुरात बसून बिनकांद्याची, बिनलसणाची चटणी विकायची म्हणजे तालमीच्या दारात उपवासाची खिचडी विकायला बसण्यासारखंच होतं. लोक आधी हसायचे, मग बोटाला लावून चाखायचे, मग पिशवी पुढे करायचे. अक्कांच्या अंगणात गल्लीतल्या पाच-सहा बायका मिरची निवडायला बसायच्या, आणि त्यांची घरं त्या मिरचीवर चालायची. उन्हाळ्यात तर माडीवर अभ्यास करताना मी एक पान वाचायचे आणि चार वेळा शिंकायचे.

या अक्कांना पुतण्याने फोनवर मेल उघडून दिला आणि त्यांना एक नवीन जग सापडलं. रोज सकाळी देवदर्शन झालं की त्या पायरीवर बसून आलेले सगळे मेल वाचायच्या. केस वाढवायच्या तेलाची जाहिरात आली, की एका बोटाने उत्तर लिहायच्या, "माझे केस अजून कमरेखाली हायत, तरी आठवणीनं विचारलंत, बरं वाटलं." तुमची वेबसाइट पहिल्या पानावर आणून देतो असं कुणी लिहिलं, तर त्यांचं उत्तर तयार असे, "आमचं दुकान गल्लीच्या शेवटाला हाय, तरी लोक विचारत विचारत येतात. तुम्हीही या." परदेशातल्या कुठल्याशा राजपुत्राने त्यांना आपल्या संपत्तीत वाटा देऊ केला, तेव्हा त्यांनी त्याला कळवलं होतं, "परिग्रह वाढवणं आमच्या धर्मात बसत न्हाय. तुमच्या बहिणीला द्या." सूर्य मावळला की त्यांचं जेवण बंद आणि मेलही बंद. रात्री आलेल्या मेलने सकाळपर्यंत थांबायचं.

मी एकदा भीत भीत सांगितलं, "अक्का, अशा मेलला उत्तर दिलं की हा पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. मग ते आणखी पाठवतात, दुसऱ्यांनाही पत्ता देतात. न वाचता काढून टाकायचे असतात ते."

अक्कांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी दारात आलेल्या म्हाताऱ्याला हाकलून दिलं होतं. "दारातनं कुणी हाक मारली तर ओ द्यायची न्हाय व्हय? पाणी तरी विचारायचं की!"

"पण अक्का, ती माणसं नसतात. मशीन असतं."

"मशीन का असंना. लिहिलंय तर 'प्रिय' म्हणून."

मोठ्या माणसांशी वाद घालायची मला सवय नव्हती. मी सांगितलं तसंच झालं, मेलची रांग वाढतच गेली. पण अक्कांना त्याचा त्रास होण्याऐवजी अभिमानच वाटायचा. शेजारणीला त्या सांगायच्या, "आमच्याकडं रोज एवढं मेल येतात की मंगल कार्यालयात पंगत बसावी." आता मागे वळून पाहिलं की कळतं, पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ यातच होतं. न बोलावता आलेला मेल ज्या बाईला पावण्यासारखा वाटतो, तिला आपला मेल कुणाला नको असेल हे सुचणार तरी कसं?

झालं असं, की अक्कांच्या इचलकरंजीच्या पुतण्याचं लग्न झालं. त्याचे कापडाचे माग आहेत, व्यापाऱ्यांच्या ओळखी लांबलांबच्या. पत्रिका मेलवरूनही पाठवायची ठरली होती, म्हणून सगळ्या नातेवाइकांचे, मित्रांचे, परदेशातल्या मैत्रिणींचे मेलचे पत्ते त्याने गोळा केले होते. लग्न पार पडलं आणि अक्कांनी ते पत्ते त्याच्याकडून मागून घेतले. चटणीची नवी पाकिटं आली होती, तेव्हा सगळ्यांना एकदम कळवायचं, असा बेत. त्याच सुमारास परदेशात किराणा दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थाशी त्यांची वर्षभरापासून बोलणी चालू होती. त्याच्याकडे बिनकांद्याची चटणी मागणारं गिऱ्हाईक बरंच होतं. हा माल गेला असता तर अंगणातल्या बायकांना पावसाळ्यातही काम मिळालं असतं, नाहीतर पावसाळ्यात त्या रिकाम्याच बसायच्या. अक्कांनी त्याचाही पत्ता त्या यादीत घातला.

आमच्याकडच्या लग्नपत्रिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पुढचं समजेल. पत्रिकेवर नवरा-नवरीचं नाव एखाद्या कोपऱ्यात मावतं, बाकी सगळी जागा भावकीच्या नावांना लागते. कुणाचं नाव राहिलं तर तो लग्नाला येत नाही, आणि खाली गेलं तर येऊन जेवत नाही. अक्कांनी मेलही त्याच रीतीने केला. सगळे पत्ते वरती, सगळ्यांना दिसतील असे. ते मानाप्रमाणे लावण्यात त्यांची अख्खी दुपार गेली. आधी मामा, मग व्याही, मग थोरल्या जावेचं माहेर. मी म्हटलं, "अक्का, प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता दिसेल हो. ते झाकता येतात."

"झाकायचं कशाला? चोरीचं आमंत्रण हाय व्हय? कुणाकुणाला सांगितलंय ते सगळ्यांना दिसाय पाहिजे. न्हायतर म्हणतील, मला एकट्यालाच विकाय बघतीया." आणि विषयाच्या जागी त्यांनी लिहिलं, "आपल्या घरचं कार्य, सर्वांनी यायचंच." मग डोळे मिटून, हात जोडून, स्वतःच बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून त्यांचे एक लांबचे मामा एसटीने आले, नातवाने मेलचा विषय तेवढा वाचून दाखवला म्हणून. डोक्याला फेटा, काखेत साडीचा आहेर. "कुणाचं लगीन हाय?" दारातूनच त्यांनी विचारलं. मंडप नाही, सनई नाही, फक्त मिरचीचा ढीग बघून ते घटकाभर उभेच राहिले. अक्कांनी त्यांना जेवू घातलं, आहेर परत काखेत दिला, वर चटणीची पिशवी दिली. मामा जाताना म्हणाले, "कार्य बेस झालं, पण नवरी लई तिखट."

हसून होईतो एक मेल आला. इंग्रजीत, खाली वकिलाचं नाव. नवरीची परदेशात राहणारी एक मैत्रीण होती, तिचा. मी पायरीवर बसून तिचं म्हणणं अक्कांना मराठीत सांगत गेले. "मी परवानगी दिलेली नाही, विषय खोटा आहे, नको म्हणायची सोय दिलेली नाही, माझा पत्ता शेकडो अनोळखी लोकांना दाखवला आहे आणि कालपासून त्यातले दोघे मला साड्या विकू लागले आहेत. आमच्या देशात अशा प्रत्येक मेलला दंड आहे." आणि हे उत्तर तिने सगळ्यांनाच पाठवलं होतं. अक्कांनीच सगळ्यांना दाखवलेल्या पत्त्यांवर आता त्यांचीच तक्रार गावभर झाली. दुपारपर्यंत त्या दुकानदाराचाही मेल आला. "आधी हे मिटवा. आमच्याकडे मेल कुणी पाठवला एवढंच बघत नाहीत, कुणाच्या मालासाठी पाठवला तेही बघतात. उद्या तोच माल माझ्या दुकानात दिसला तर मीही अडकेन. मिटलं नाही तर माल नको."

अक्कांनी फोन पायरीवर पालथा ठेवला. अंगणातल्या बायकांचे हात मिरचीवर थांबले होते. पुतण्या इचलकरंजीहून धावत आला. "काकू, सरळ सांग की, कुणीतरी फोन हॅक केलता."

"आणि त्यानं हॅक करून माझ्या चटणीची जाहिरात केली? मग चोर लई चांगला हाय. त्याला पगार दे," अक्का म्हणाल्या.

आमच्या कॉलेजात व्यवसायाचे कायदे शिकवणारे एक सर होते. त्यांच्याशी तोवर मी एक शब्दही बोलले नव्हते. दोन दिवस मी त्यांच्या खोलीपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी अक्काच माझ्याबरोबर आल्या, चटणीची पिशवी घेऊन. सरांनी पिशवी बाजूला ठेवली आणि सगळं नीट ऐकून घेतलं. ते म्हणाले, "बाई, पुष्कळ देशांत असा मेल पाठवायचे नियम कडक आहेत. काही ठिकाणी आधी परवानगीच लागते. विषय खरा हवा, पाठवणाऱ्याचा खरा पत्ता हवा, आणि नको म्हणायची सोपी वाट हवी. आपल्याकडेही आता माणसाच्या माहितीबद्दल कायदा आला आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची. तुम्हाला त्या लोकांनी पत्ता लग्नासाठी दिला होता. चटणीसाठी नाही."

हे वाक्य अक्कांना लागलं. खरं तर दिवाळीच्या फराळाला बोलावून विमा विकणाऱ्या एका पावण्यावर त्या स्वतःच वर्षभर चिडलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग तिचा रुसवा काढाय काय पाठवू? एक चांगली साडी आणि नारळ?"

सर घाईघाईने म्हणाले, "काहीही पाठवू नका! तिची तक्रारच ती आहे. फक्त तिने जे लिहिलंय त्याला उत्तर द्या. आणि चूक लपवू नका."

अक्कांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं, काही न पाठवणं. संध्याकाळ व्हायच्या आत उत्तर लिहायला आम्ही पायरीवर बसलो. मी सरळ सवयीने लिहू लागले, 'कळत-नकळत काही चूक झाली असल्यास क्षमा असावी.'

अक्कांनी माझा हात धरला. "थांब. क्षमावाणीच्या दिवशी आम्ही सगळ्यांना हात जोडून तसं म्हणतो. कळत-नकळत. पण हे नकळत न्हाय झालं. तू सांगितलंतंस, पत्ते झाक म्हणून. मी ऐकलं न्हाय. कळत झालंय, तसंच लिही."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. "बाई, तुमचा पत्ता लग्नासाठी घेतला आणि चटणीसाठी वापरला. सगळ्यांना दाखवला. हे मी स्वतः केलं, दुसऱ्या कुणी न्हाय. तुमचा पत्ता काढून टाकलाय. परत मेल येणार न्हाय. हे उत्तर पोचलं का, एवढं फक्त कळवा." नातं जोडणारा एकही शब्द नव्हता, जेवायला या नव्हतं. अक्कांनी लिहिलेलं इतकं कोरडं पत्र मी कधी पाहिलं नव्हतं, आणि इतकं चांगलंही.

चार दिवस त्या देवळातून आल्यावर पायरीवर बसायच्या आणि फक्त ते एक उत्तर शोधायच्या. तेलवाल्यांना, राजपुत्रांना त्या दिवसांत कुणीच पाणी विचारलं नाही. पाचव्या सकाळी उत्तर आलं, मराठीत. "पोचलं. ठीक आहे. पुन्हा नको." अक्कांनी ते सगळ्या अंगणाला वाचून दाखवलं. "बघा, सरळ बाई हाय. नको म्हणजे नको." दुकानदाराने ते पाहिलं आणि ठरल्यापेक्षा थोडा कमी, पण माल मागवला. त्या पावसाळ्यात अंगणावर ताडपत्री आली आणि तिच्याखाली बायका बसल्या.

पण अक्का एकदा एखाद्या गोष्टीला लागल्या की अर्ध्यावर सोडत नाहीत. त्यांनी सगळेच पत्ते काढून टाकले. ज्याला चटणीची खबर पाहिजे त्याने स्वतः लिहून द्यायचं, असा फोन घरोघर केला. परदेशातली बाई नाव घातलं म्हणून चिडली होती, इथली भावकी नाव काढलं म्हणून चिडली. गडहिंग्लजचे मामा तर फोनवर गरजले, "आमाला वगळलंस? आमी काय मेलोय व्हय?"

"मामा, लिहून द्या. मग घालते."

"अगं, मला लिवाय कुठं येतंय!"

"मग एसटीनं या आणि अंगठा द्या." आणि मामा खरंच आले.

आता मी पुण्यात नोकरी करते. ऑफिसच्या मेलमध्ये रोज सकाळी शेकडो 'प्रिय ग्राहक' येऊन पडतात आणि मी ते न वाचता काढून टाकते, मीच अक्कांना शिकवलं होतं तसं. एकदा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला सहज दाखवलं, त्यांना अक्कांचा मेल आला होता. माझ्या डब्यातली चटणी आवडली म्हणून त्यांनी अक्कांना आपणहून लिहून दिलं होतं. विषय, 'नवी चटणी कुटली आहे.' खाली खरा पत्ता, नको असेल तर कळवायची सोय, सगळं जिथल्या तिथे. मी त्या संध्याकाळी फोन केला. "अक्का, मला कसा नाही मेल?"

"तू लिहून कुठं दिलंयस?"

"अक्का, मी तुमच्या घरची ना?"

"घरच्यांना येगळा कायदा हाय व्हय? सरांकडं तूच नेलंतंस की मला." आणि मग हळू आवाजात, "खोली तशीच ठेवलीया. नवीन पोरगी बघितली न्हाय अजून."

फोन ठेवल्यावर मी लगेच लिहायला बसले. 'अक्का, हा माझा पत्ता. चटणीसाठी देत आहे, लग्नकार्यासाठी देत आहे, आणि काहीच कारण नसेल तरी देत आहे. माझी परवानगी आहे.' पाठवलं आणि खिडकीबाहेर बघितलं, तर सूर्य मावळून गेला होता. आता उत्तर सकाळीच, देवदर्शन झाल्यावर. मला हे पुरतं माहीत होतं. तरी मी मेलची पेटी उघडून बघत राहिले.