गॅरेटचा भोपळा

शेजारच्या गॅरेटला बाप होण्यापेक्षा बाप दिसण्याची हौस फार. हॅलोवीनच्या दिवशी सकाळी त्याने कोरलेला भोपळा पायरीवर मांडला, दीड वर्षाच्या ओटोला शेजारी बसवलं आणि फोटोंचा सपाटा लावला. पोरगं काही केल्या हसेना. तेवढ्यात एक खार येऊन भोपळ्याचं नाक कुरतडायला लागली, तसा ओटो टाळ्या पिटत खदखदून हसला. गॅरेटने मात्र खारीला हाकललं आणि ती परत येऊ नये म्हणून भोपळ्यावर तिखटाचं पाणी फवारलं.

"अरे, पोर हात लावेल ना त्याला," मी कुंपणावरून म्हटलं.

"मार्गी, तुमच्या वेळचं सोडा. मी सगळं वाचून करतो."

मग काय, दुपारभर ओटोचं रडणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं.

संध्याकाळी नवराबायको त्याला भुताचा झगा घालून आमच्या दारात चॉकलेटं मागायला आले. पोराचे डोळे सुजून लालभडक झालेले. माझा नवरा वॉल्ट कौतुकाने वाकून म्हणाला, "वा, काय डोळे रंगवलेत. कुणी केलं हे?"

बायकोने मान खाली घातली. गॅरेट छाती फुगवून म्हणाला, "मीच."