तळहातांचं ऊन

माझ्या तळहातांना सोरायसिस आहे. तो सुरू झाला तेव्हा मी पुण्यात होते, लग्न व्हायचं होतं, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून त्यावर एकच औषध शोधून काढलं होतं: कुणाला सांगायचं नाही. या औषधानं गुण येत नाही, पण सवय मात्र लागते. नवऱ्याला मी पहिल्याच भेटीत हात पसरून दाखवले होते. "दुखतं का?" एवढंच त्यानं विचारलं, आणि मी मनात होकार देऊन टाकला. बाकी जगापुढे माझ्या मुठी मिटलेल्याच. पुढे त्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनजवळ राहायला आलो, तेव्हा सामानाबरोबर ही सवयही आली.

इथं मोठीच पंचाईत झाली. डच माणूस भेटला की आधी हात पुढे करतो, मग नाव सांगतो. त्यातून वाढदिवस असला तर विचारूच नका. दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडलेल्या असतात आणि येणाऱ्यानं त्या गोलात एकेकाशी हात मिळवत फिरायचं. अभिनंदन फक्त वाढदिवस असलेल्याचं नाही, तर त्याच्या भावाचं, सुनेचं, शेजाऱ्याचंसुद्धा. जन्म एकाचा आणि श्रेय सगळ्या गोलाला.

आम्हाला असं पहिलं आमंत्रण आलं ते भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीणबाईंचं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, आवाज खणखणीत. दार उघडून त्यांनी हात पुढे केला. त्या आठवड्यात माझे तळवे भेगाळले होते, सालपटं निघत होती. काय करावं ते सुचेना आणि माझे हात आपोआप जोडले गेले. नमस्कारात एक सोय आहे, तळवे फक्त एकमेकांनाच दिसतात. बाईंचा चेहरा असा काही खुलला! त्यांनी लगेच स्वतःचे हात जोडले आणि मला आत नेऊन सगळ्या गोलाला जाहीर केलं, "यांच्यात हात मिळवत नाहीत. असं करतात."

तोवर माझा नवरा बाईंच्या दोन मेव्हण्यांशी हात मिळवून बसला होता. सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. "बायकांचं वेगळं असतं," तो शांतपणे म्हणाला आणि केक खायला लागला. खरं काय ते मी तेव्हाच सांगू शकले असते, पण उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? महिन्याभरात गल्लीतले लोक, मुलीच्या शाळेतली बाई, पार्सल आणणारा, सगळे मला हात जोडू लागले. पाच हजार वर्षांची संस्कृती माझ्या दहा बोटांमागे उभी राहिली.

आणि मग साथ आली. हात मिळवू नका, असं सरकारनंच सांगितलं. शेजारीणबाई कुंपणापलीकडून ओरडल्या, "बघ, आता सगळं जगच तुझ्यासारखं करतंय!" मी आठवडाभर हवेत होते. नंतर सॅनिटायझर आला. प्रत्येक दुकानाच्या दारात ती बाटली, आणि भेगांमध्ये तो द्रव गेला की मिरच्या वाटल्यासारखी आग. तळव्यांची चाळण झाली. कणीक मळायचं काम नवऱ्याकडे गेलं आणि आमच्या पोळ्यांना युरोपच्या नकाशाचा आकार आला.

हाऊसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरनं, मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, मलमं पुष्कळ झाली, आता हातांना प्रकाश द्यायचा. पण साथीत इस्पितळाचा तो विभागच बंद झाला, उघडला तेव्हा रांग लांबली होती. शेवटी यंत्रच घरी पाठवायचं ठरलं. दोन माणसांनी ती पेटी दारात ठेवली आणि ती दोघं रस्त्याच्या पलीकडे जाऊन मला हात हलवत राहिली. कसं वापरायचं ते एका नर्सनं व्हिडिओवर शिकवलं. आधी क्रीम लावायचं नाही, अंगठ्या काढायच्या, मनगटं झाकायची, डोळ्यांना गॉगल, आणि वेळ सांगू तितकीच. सुरुवात अगदी काही सेकंदांची. पेटीत जांभळट उजेड लागला, माझे हात आत गेले, आणि बरं वाटतंय का ते तपासण्याआधीच तो बंद झाला.

हे सगळं जेवणाच्या टेबलावर चालायचं. एका टोकाला नवऱ्याची मीटिंग, दुसऱ्या टोकाला मी गॉगल लावून पेटीत हात घालून बसलेली. वेळ मोजायचं काम मुलीकडे. तिला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर डचमध्ये देते. "क्लार!" ती ओरडायची, म्हणजे झालं. एकदा नवऱ्याच्या साहेबानं पडद्यावरून विचारलं, "तुमच्या मागे वेल्डिंग चाललंय का?"

पुण्याहून आईनं फोनवर ती पेटी पाहिली. "म्हणजे आपल्याकडचं फुकटचं ऊन तिकडे डब्यात भरून देतात होय? मग आपली गच्ची काय वाईट होती?"

नवऱ्याला हा विषय म्हणजे पर्वणीच. चिपवर नक्षी काढायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तो काम करतो, तिथला प्रकाशही याच जातकुळीतला. "आई, उन्हात सगळंच असतं," तो सांगू लागला, "त्यातला हवा तेवढाच भाग वेगळा काढलाय. बाकीचा नको."

"असं होय. निवडलेलं ऊन," आई म्हणाली. "तांदूळ निवडावेत तसं." त्याची पुढची चार वाक्यं वाया गेली.

गुण हळूहळू आला. सेकंद वाढत गेले, सालपटं कमी होत गेली. एके दिवशी मी लिंबू पिळलं आणि पिळून झाल्यावर लक्षात आलं की कुठेच झोंबलं नाही. लिंबाची साल हातात धरून मी स्वयंपाकघरात रडले, चक्क आनंदानं. माझ्या हातांवरच्या रेषा मला मोठेपणी पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होत्या.

आणि मग एक इच्छा अशी मागे लागली की सांगता सोय नाही. कुणा परक्या माणसाचा हात पुढे यावा आणि मी न दचकता माझा हात द्यावा. बस, एवढंच. पण हात मिळवायला होतं कोण? लोक कोपराला कोपर लावत होते. "दात आहेत तर चणे नाहीत" ही म्हण लहानपणी पाठ केली होती, ती आता कळली. त्यात डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हा आजार परत येतो आणि प्रकाश काही जन्मभर देता येत नाही. हात छान होते, पण ते किती दिवस राहतील याची खात्री नव्हती. दुकानात कुणी सुट्टे पैसे हातावर ठेवले तरी मी खूश व्हायचे.

अखेर बंधनं उठली आणि शेजारीणबाईंच्या वाढदिवसाचं आमंत्रण आलं. गोल पुन्हा मांडला होता. मी ठरवूनच गेले की आज एकालाही सोडायचं नाही. दारातून उजवा हात पुढे करून आत शिरले, आणि सगळा गोल उठून उभा राहिला. मेव्हणे, भाच्या, नातजावई, सगळ्यांनी हात जोडले आणि एका सुरात म्हणाले, "नमस्ते!" बाईंनी त्यांची तालीम घेतली होती. माझा हात तसाच हवेत. काय करणार, दुसरा त्याला नेऊन जोडला.

पण जीव राहीना. सगळे कॉफीकडे वळले तेव्हा मी बाईंच्या खुर्चीपाशी गेले आणि हात पुढे केला. त्या गोंधळल्या. मग मी सांगून टाकलं, "हात न मिळवायची ती चाल आमची नव्हती, माझी होती. माझे हात खराब होते, मला दाखवायचे नव्हते. आता बरे आहेत."

बाईंनी मांडीवरचे आपले हात वर केले. बोटांचे सांधे गाठीसारखे सुजलेले, दोन बोटं पार वाकलेली. "मला वाटायचं, तुला सगळं कळलंय," त्या म्हणाल्या. "संधिवात आहे. माझे मेव्हणे हात असा दाबतात की रात्रभर ठणका लागतो. आणि नाही कसं म्हणणार? तू पहिल्याच दिवशी हात जोडलेस. मला इतकं बरं वाटलं! त्या दिवसापासून मी सगळ्यांना तेच शिकवत सुटले."

मला फार लाज वाटली आणि फार मायाही वाटली. इतकी वर्षं मी माझेच हात लपवण्यात गुंतले होते, समोरचे दोन हात मी पाहिलेच नव्हते. मी माझा हात मागे घेऊ लागले.

"दुखेल तुम्हाला," मी म्हटलं.

"दुखेल की," त्या म्हणाल्या. "पण आण इकडे."

त्यांनी हात दिला. मी दाबला नाही, हलवला नाही, नुसता धरून ठेवला. त्यांची त्वचा मऊ होती, गाठी टणक होत्या, आणि माझ्या तळव्याला हे सगळं कळत होतं. मागून कुणीतरी केक कापायला बोलावत होतं. बाईंनी मान वळवून त्यांना थांबायला सांगितलं, आणि हात सोडला नाही.