वर ताला आहे

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही मला धड ठाऊक नाही.

माझी बायको सुमन आर्णीच्या शाळेत मास्तरीण होती, मी तिथल्याच जिनिंगमध्ये कारकून. तिला सतत प्रश्न पडायचे. कडुनिंबाचा पाला कडू, मग पिकली निंबोळी गोड कशी? विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं? भूगोलाच्या पुस्तकात एक ओळ होती — उंच डोंगरात बर्फ वितळून तळी होतात. ती ओळ शिकवताना आमच्या बाई स्वतःच अडायच्या. आम्ही पाहिलेला बर्फ भुशात गुंडाळलेला, यवतमाळच्या बाजारातला. त्या तळ्याचा रंग कसा असेल? त्यात मासा जगत असेल का?

मी म्हणालो, चल, दाखवतो. साऱ्या गल्लीत फुशारकीही मारून आलो. साठ-एकसष्टचा सुमार असेल. यवतमाळहून केदारनाथची यात्रा निघाली, त्या यात्रेसोबत आम्ही दोघं गेलो.

आता इथे एक सांगायला हवं — मला उंचीची भीती वाटते. जिनिंगमधल्या कापसाच्या गंजीवर चढायची वेळ आली की मी काहीतरी काम काढून सटकायचो. सुमनला हे माहीत नव्हतं. देवळापर्यंत कसंबसं निभावलं. पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत चाललो, दरीकडे बघितलंच नाही. पण ज्या तळ्यासाठी आलो होतो, ते देवळाच्याही वर होतं. आणि त्या वाटेवर आम्ही दोघंच.

ती मागे रेंगाळत होती, दगड उचलून बघत होती. एका वळणावर वाट वीतभर उरली आणि मी कड्याला चिकटून उभा राहिलो. तेवढ्यात वरून एक मेंढपाळ उतरला. तळं किती लांब, असं मी विचारलं. त्यानं डोंगराच्या वरच्या धारेकडे बोट दाखवलं.

“ऊपर ताल है, बाबूजी. बस, सामने.”

तो निघून गेला. वारा सुटला होता. मागून सुमननं विचारलं —

“काय म्हणे जी तो? वरतं ताला हाय?”

ताला! आमच्याकडे कुलपाला तालाही म्हणतात, तळ्याला ताल कुणी म्हणत नाही. चूक दुरुस्त करायला एक शब्द पुरला असता. मी काय केलं?

“हो,” म्हणालो. “वाट बंद केली म्हणे. ताला ठोकला.”

ती बराच वेळ त्या धारेकडे बघत राहिली. डोळे भरून आले होते तिचे. मग खालचा एक दगड उचलून तिनं पदरात बांधला. उतरताना मी तिचा हात घट्ट धरला — तिला वाटलं, मी तिला सावरतोय.

घरी गंगापूजनाच्या जेवणात तिनंच त्याचा विनोद केला. “देवानं तळ्याले बी कुलूप घातलं, अन् चाबी आपल्यापाशीच ठेवली.” सगळे हसले. मीही हसलो. पुढे वर्षानुवर्षं ती हे वर्गात सांगायची, आणि खरं सांगू? दर वेळी मला सुटल्यासारखं वाटायचं.

ती निवृत्त झाल्यावर तिचा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो त्या तळ्यावर जाऊन आला होता, फोटो घेऊन. सुमननं चष्मा लावला आणि प्रश्नांचा भडिमार केला. पाणी हिरवट का? मासा दिसला? आणि मग तो म्हणाला, “बाई, म्या तिथं कुलपाचं मुद्दाम इचारलं. म्हातारे मेंढपाळ हासाले लागले. म्हणे, ती वाट कधीच बंद नव्हती.”

सुमन फोटो हातात धरून बसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

निंबोळीलाही सवाल करणारी बाई — तिनं मला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे ती जाईपर्यंतही नाही. मी चहा ठेवायला उठलो होतो.

तिनं विचारलं असतं तर मी आणखी एक खोटं बोललो असतो. तेही तिला कळलं असावं.